बंद पडणारा लॅपटॉप आणि निदानाचा मोबदला

छोट्या दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी पूर्वी लाल कापडात बांधलेली खातेवही असे. आज तिथे लॅपटॉप आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि ज्यांनी संगणकाला कधी हात लावला नव्हता अशा अनेक व्यापाऱ्यांना तो घ्यावा लागला. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला विक्रीचा तपशील पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कराचा भरणा २० तारखेपर्यंत करावा लागतो. उशीर झाला की विलंब शुल्क आणि व्याज आलेच. खातेवहीचे एक बरे होते, ती लिहिता लिहिता बंद पडत नसे. लॅपटॉप पडतो. बिल अर्धे झालेले असते, गिऱ्हाईक समोर उभे असते आणि पडदा काळा होतो.

यंत्र आहे, बिघडणारच. त्याबद्दल आमची तक्रार नाही. त्यानंतर बाजारात जे घडते त्याबद्दल आम्हाला लिहायचे आहे. दुकानदार लॅपटॉप घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जातो. तिथे दोन मिनिटे पाहून सांगितले जाते, "बोर्ड गेला." मग एक तर आठ-दहा हजार रुपये मोजून मदरबोर्ड बदलला जातो, नाही तर "यात पैसे घालू नका, नवीन घ्या" असा सल्ला मिळतो. हल्ली या सल्ल्याला आणखी एक जोड मिळाली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला कंपनीचा नियमित आधार संपला, म्हणून जुना लॅपटॉप आता टाकाऊच झाला, असे सांगितले जाते. आधार संपणे हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे आणि तो गंभीरही आहे. पण लॅपटॉप मधेच बंद पडण्याशी त्याचा काही संबंध नाही.

आमच्या मते मधेच बंद पडणारा लॅपटॉप बहुधा मेलेला नसतो. तो तापलेला तरी असतो किंवा त्याला वीज नीट पोहोचत तरी नसते. यापैकी नेमके काय आहे हे शोधणे हेच खरे काम आहे, आणि आपल्या बाजारात नेमक्या याच कामाचे पैसे कोणी देत नाही. म्हणून ते कोणी करतही नाही.

बंद पडतो म्हणजे काय होते?

दुरुस्तीवाल्याने पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे, आणि गिऱ्हाइकाने उत्तर तयार ठेवून जायला पाहिजे. "आपोआप बंद होतो" या एका वाक्यात चार निरनिराळे आजार लपलेले असतात.

कधी लॅपटॉप फक्त झोपलेला असतो. बटण दाबले की काम जिथे होते तिथेच सापडते. झाकण बंद झाले हे ओळखण्यासाठी अनेक लॅपटॉपमध्ये चुंबक आणि तो ओळखणारा छोटा सेन्सर बसवलेला असतो. चुंबकाचे झाकण असलेले मोबाइलचे पाकीट तळहाताच्या जागेजवळ ठेवले, एका लॅपटॉपवर दुसरा लॅपटॉप ठेवला किंवा मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्यात चुंबक असला, तरी त्याला झाकण मिटल्याचा भास होतो. या आजाराचा इलाज मोबाइल उचलून बाजूला ठेवणे इतकाच आहे.

कधी पडद्यावर इंग्रजी मजकूर झळकतो आणि मग लॅपटॉप पुन्हा सुरू होतो. हा पडदा वर्षानुवर्षे निळा होता. २०२५ मध्ये विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत तो काळा करण्यात आला, त्यामुळे आता तो एकदम बंद पडल्यासारखा वाटून फसगत होऊ शकते. मजकूर दिसला असेल तर मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवावा. तिथे ड्रायव्हर, रॅम किंवा डिस्क यांच्याकडे संशय जातो. कधी विंडोजच अपडेटसाठी स्वतःहून बंद होऊन सुरू झालेले असते. आणि कधी कोणतीही सूचना न देता, दिवा फुंकावा तसा लॅपटॉप विझतो. आमचा विषय मुख्यतः या चौथ्या प्रकाराचा आहे.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची नोंदवही असते. लॅपटॉप रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला की त्यात "कर्नल पॉवर ४१" अशी नोंद पडते. अनेक ठिकाणी ही नोंद गिऱ्हाइकाला दाखवून "बघा, पॉवरचा प्रॉब्लेम, बोर्ड खराब" असे सांगितले जाते. हे साफ चूक आहे. नोंद ४१ एवढेच सांगते की मागच्या वेळी यंत्र नीट बंद झाले नव्हते. कशामुळे, ते ती सांगत नाही. तुम्ही स्वतः बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केलात तरी हीच नोंद पडते. मात्र तिच्या तपशिलात उपयोगाची एक गोष्ट असते. बगचेक कोड शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही असा अर्थ निघतो, म्हणजे संशय वीज आणि उष्णता यांच्याकडे अधिक. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर विंडोजच्या आत काही कोसळले आहे. नोंद १०७४ असेल तर कुणी माणसाने किंवा एखाद्या प्रोग्रामने लॅपटॉप रीतसर बंद केला आहे. एवढे वाचायला पाच मिनिटे लागतात.

तापणे

उष्णतेचे लक्षण ठरावीक असते. लॅपटॉप सुरू केल्यावर दहा-वीस मिनिटे चालतो, काम जड झाले की पंखा ओरडतो, मग विझतो. लगेच सुरू केला तर आधीपेक्षा लवकर विझतो. अर्धा तास थंड होऊ दिला की पुन्हा चालतो. प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सिअसजवळ गेला की आपला वेग आपणच कमी करतो, आणि तरीही तापत राहिला तर जळण्याआधी वीज तोडतो. अशा वेळी लॅपटॉपने बंद पडून स्वतःला वाचवलेले असते.

गादीवर, उशीवर किंवा कापडाच्या ताग्यांवर लॅपटॉप ठेवला की खालच्या झडपा बुजतात, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण आपल्या धंद्यांची हवा कशी आहे याचा विचार कोणी करत नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथल्या यंत्रमागाच्या कारखान्यांत कापसाचा तंतू सतत हवेत असतो. तो पंख्यातून आत जातो आणि तांब्याच्या पट्ट्यांसमोर नमद्यासारखा थर धरतो. पीठगिरणीत पीठ, सुतारकामात भुसा, केशकर्तनालयात बारीक केस. अशा ठिकाणचा लॅपटॉप सहा महिन्यांनी साफ करावा लागला तर त्यात नवल नाही. वातानुकूलित कार्यालयातला लॅपटॉप तेवढ्याच काळात स्वच्छ राहील. दोघांनाही कंपनीचे पुस्तक एकच असते!

सफाई म्हणजे नुसता वरून फुंकर मारणे नव्हे. मागचे झाकण काढून, पंख्याचे पाते काडीने अडवून हवा मारावी लागते. पाते मोकळे सोडून जोराने हवा मारली तर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याची बेअरिंग खराब होऊ शकते. तीन-चार वर्षे झाली असतील तर प्रोसेसरवरची पेस्ट वाळलेली असते, तीही बदलावी. मदरबोर्डच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. म्हणूनच काही ठिकाणी तो सुचवला जात नाही, असे म्हटले तर दुरुस्तीवाल्यांनी रागावू नये.

बॅटरी, चार्जर आणि फ्रीज

आमच्या परिचयाच्या एका किराणा व्यापाऱ्याचे उदाहरण इथे सांगण्यासारखे आहे. त्यांचा लॅपटॉप दिवसातून पाच-सहा वेळा बंद पडत असे. दुरुस्तीच्या एका दुकानात त्यांना बोर्ड बदलायला सांगितले गेले, त्यांनी तो बदलून घेतला, साडेआठ हजार गेले. आठवड्याने तोच प्रकार. मग ओळखीतला एक तरुण कारागीर दुकानात येऊन दीड तास नुसता बसला. त्याच्या लक्षात आले की शेजारच्या थंड पेयांच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की ट्यूबलाइट क्षणभर मंद होते आणि त्याच क्षणी लॅपटॉप विझतो. बॅटरी पूर्ण मेलेली होती. चांगली बॅटरी असती तर तिने तो क्षण सांभाळून नेला असता. इथे लॅपटॉप केवळ चार्जरवर जगत होता आणि चार्जरही जुना होता. बॅटरी बदलली, लॅपटॉपचा प्लग फ्रीजच्या बोर्डावरून काढून दुसरीकडे लावला, काम संपले. त्या तरुणाने दीड तास बसण्याचे वेगळे पैसे मागितले तेव्हा आमच्या या स्नेह्यांना ते जड गेले. बोर्डाचे साडेआठ हजार देताना मात्र त्यांनी घासाघीसही केली नव्हती, कारण त्या पैशांत हातात एक वस्तू मिळत होती.

बॅटरीचा दुसरा खेळ असा, की ती ३० टक्के शिल्लक दाखवते आणि लॅपटॉप तरीही विझतो. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. हलके काम असेपर्यंत ती टिकते, पण एकदम जास्त वीज मागितली की तिचा व्होल्टेज खाली कोसळतो. टक्केवारी हा शेवटी एक अंदाज असतो. विंडोजमध्ये "पॉवरसीएफजी" या आज्ञेने बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे येतात. पहिला ४८,००० मिलिवॅट-तास आणि दुसरा १९,००० असेल तर बॅटरी निम्म्याहून खाली आली आहे, मग पडदा काही का म्हणेना. ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाल्यावर बॅटरीची ताकद ठळकपणे उतरणे हे स्वाभाविक आहे. जुना लॅपटॉप विकत घेताना हा अहवाल मागितलाच पाहिजे. मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेले लॅपटॉप आपल्याकडे पुष्कळ येतात आणि ते वाईट नसतात, पण त्यांची बॅटरीही तितकीच वापरलेली असते.

बॅटरी फुगली असेल, म्हणजे टचपॅड वर आला असेल किंवा तळ टेबलावर सपाट बसत नसेल, तर वापर लगेच थांबवावा. तिला दाबू नये, टोचू नये, "थोडे दिवस चालवू" म्हणू नये. २००६ च्या ऑगस्टमध्ये डेल कंपनीने आगीच्या धोक्यामुळे सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत बोलावल्या होत्या. नामांकित कंपनीच्या मालात असे होऊ शकते, तर कुठल्याशा बिननावाच्या बॅटरीत काय होईल याचा विचार करावा.

चार्जरचा हिशेब तर शाळेतल्या मुलाला जमेल असा आहे. चार्जरवर व्होल्ट आणि अँपियर लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपियर म्हणजे ६५ वॅट. २.३१ अँपियर असेल तर ४५ वॅट. ६५ वॅटच्या लॅपटॉपला ४५ वॅटचा चार्जर लावला तर पिन बसते, दिवा लागतो, चार्जिंगही दिसते. जड काम आले की वीज अपुरी पडते. काही कंपन्यांच्या पिनच्या मधोमध बारीक सळई असते, तिच्यातून लॅपटॉप चार्जरची ओळख पटवतो. ती वाकली किंवा नकली चार्जर असला तर बॅटरी चार्ज होत नाही आणि वेगही उतरतो. चार्जर घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि "आर" अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये एकाच काउंटरवर दोन्ही प्रकारचे चार्जर मिळू शकतात. भावातला फरक ऐकून हात कुठे जातो, हे आम्ही सांगायला नको.

पिन हलवली की दिवा मिचकावतो का, हेही बघावे. तसे असेल तर पिन जिथे बसते तो जॅक सैल झाला आहे, आणि अनेक मॉडेलांत तो सुटा बदलता येतो.

घरच्या घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. लॅपटॉप सुरू करून विंडोजमध्ये जाऊच नये, त्याआधीच्या बायोस सेटिंगच्या पडद्यावर थांबावे आणि अर्धा तास तसाच ठेवावा. तिथेही विझला तर विंडोज, व्हायरस, टॅली यांना दोष देण्यात अर्थ नाही आणि विंडोज पुन्हा टाकण्याचे पैसेही वाचले. मग ओळखीच्या कुणाचा त्याच मॉडेलचा चांगला चार्जर तासभर लावून पाहावा. एवढ्यात निम्मा घोळ सुटलेला असतो.

मग बोर्ड कधी जातच नाही का?

जातो. चहा सांडला, कोकणच्या दमट हवेत गंज चढला, एखादा कपॅसिटर शॉर्ट झाला, तर बोर्डच पाहावा लागतो. पण तेव्हाही पूर्ण बोर्ड बदलण्याआधी तो दुरुस्त होतो का हे तपासणारे कारागीर आज जिल्ह्याच्या गावांतही आहेत. मल्टिमीटर आणि भिंग घेऊन दाण्याएवढा भाग शोधून काढणे हे हुन्नरीचे काम आहे. आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले मोबाइल दुरुस्तीतून या कामाकडे आली आहेत. त्यांच्याविषयी आम्हाला आदरच आहे आणि त्यांच्या बाजूनेच आम्ही हे लिहीत आहोत.

कारण दोष एकट्या दुरुस्तीवाल्याचा नाही. डॉक्टरने नाडी पाहिली, औषध लिहून दिले, तर त्याची फी आपण देतो. लॅपटॉपवाल्याने तीन तास घालवून "काही नाही, चार्जर बदला" असे सांगितले तर आपण म्हणतो, "नुसते बघितले ना? त्याचे कसले पैसे?" तीन तास फुकट गेले की तो माणूस पुढच्या खेपेस बघत बसत नाही. भाग बदलतो, कारण भाग बदलला तरच त्याच्या हातात चार पैसे पडतात. जो खरे शोधतो तो उपाशी आणि जो न शोधता बदलतो तो दुकान वाढवतो, अशी ही उलटी व्यवस्था आपण गिऱ्हाइकांनीच उभी केली आहे.

आमची सूचना अशी आहे. दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानाने निदानाची फी ठरवून पाटीवर लिहावी. तीनशे असो, पाचशे असो, गावाप्रमाणे. ती आधी घ्यावी आणि दुरुस्ती तिथेच झाली तर बिलात वळती करावी. फीच्या बदल्यात चिठ्ठी द्यावी: काय तपासले, काय आढळले, कोणता भाग का बदलायचा. बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाला परत द्यावा. बोर्ड बदलायचा असेल तर दुसरा चार्जर लावून, बॅटरी काढून, साफ करून पाहिले होते असे चिठ्ठीत लिहिलेले असावे.

यावर काही कारागिरांनी आम्हाला सांगितले की गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन शेजारच्या स्वस्त दुकानात जाईल. जाऊ द्या. तुमच्या कामाचे पैसे तुम्हाला मिळाले आहेत. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. दिवसातून एकदाच बंद पडणारा लॅपटॉप दुकानात आला की शहाण्यासारखा चालतो, दोष सापडत नाही आणि गिऱ्हाईक फी देऊन रिकाम्या हाताने परत जाते. अशा वेळी दोन दिवस ठेवून घ्यावा लागतो, कधी त्या किराणा दुकानासारखे जागेवर जाऊन बसावे लागते, आणि त्याची फी वेगळीच असणार. याला सोपे उत्तर आमच्याकडे नाही. पण दोष सापडला नाही असे लिहून देणारा माणूस आम्हाला खोटा दोष सांगणाऱ्यापेक्षा परवडतो.

सरकारनेही या बाजूला थोडे लक्ष दिले आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले, ज्यावर कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुटे भाग आणि सेवा केंद्रे यांचा तपशील द्यावा अशी कल्पना आहे. चांगले आहे. परंतु कोपऱ्यावरच्या दुकानात निदानाची चिठ्ठी मिळणे किंवा न मिळणे हे संकेतस्थळावर ठरत नाही. ते तुम्ही ती मागता का आणि तिचे पैसे देता का, यावर ठरते.

दुरुस्तीला देण्याआधी टॅलीचा किंवा जो असेल त्या हिशेबाचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या संगणकात उघडून बघा. बंद पडणाऱ्या लॅपटॉपवर बॅकअप घेताना तो थंड असताना, चार्जर लावून, बाकी सर्व बंद ठेवून घ्या. डिस्क सुटी निघत असेल आणि बिघाड विजेचा असेल तर डिस्क काढून घरी ठेवा. विजेचा दोष शोधायला तुमच्या हिशेबाची गरज नसते. बँकेचे आणि जीएसटीचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले असतील तर काढून टाका. आणि शक्य असेल तर लॅपटॉप २० तारीख उलटल्यावर द्या, म्हणजे कारागिरालाही दोन दिवस मिळतील.